गुलाबी झाकणं

टक्. थोडं थांबून पुन्हा, टक् टक्.

गॅरेजच्या कोपऱ्यातल्या कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये काहीतरी खडखडत होतं. एसेताला आधी वाटलं, आपल्याच कानात वाजतंय. पोट रिकामं असलं की कानात काहीबाही वाजतं, हे तिला या आठवड्यात चांगलं कळलं होतं. शिवाय घर एवढं गप्प झालेलं की साधा आवाजही अंगावर यावा. इस्पितळात पडलेल्या तिच्या नवऱ्यासाठी, इओपूसाठी, सगळ्या चर्चने उपास धरला, उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही, आणि तेव्हापासून दिवसभर स्वयंपाकघराची वाचाच बसलेली असायची. पातेल्यावर झाकण आदळत नव्हतं, नारळ खवण्याची खरखर नव्हती. शनिवारी दुपारी या घरात कधी शांतता असायची? उद्याच्या रविवारच्या जेवणासाठी तारोच्या कंदांची सालं निघत असायची, कोणीतरी कोणावर तरी ओरडत असायचं, आणि इओपू मागच्या अंगणात उमूचे, रांधायच्या भट्टीचे, दगड रचता रचता चर्चचं गाणं बेसूर म्हणत असायचा. आता ते दगड निळ्या ताडपत्रीखाली होते. ताडपत्री कोणी घातली ते तिला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांपैकीच कोणीतरी, ते दगड तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून. पण झाकलेली गोष्ट जास्तच दिसते.

तिने ड्रायर थांबवला, दार उघडलं. आतून गरम हवा तोंडावर आली आणि ती झटकन मागे सरली. इओपू उमूच्या आगीत भाजल्यापासून कुठलीही ऊब तोंडावर आली की असंच व्हायचं. केटलची वाफ, बसच्या इंजिनाजवळची धग, बाळाचं झोपेतलं गरम कपाळसुद्धा. कपडे बाजूला सारत तिने हात घातला. मुलीचं, मानाइयाचं जांभळं जॅकेट. खिशात कडक, गोल काहीतरी. काढलं तर तळहातावर गुलाबी प्लास्टिकची झाकणं. एक नाही, मूठभर.

ती तिला ओळखायला वेळ लागला नाही. रोज आपल्या हाताने ती उघडायची तीच ही. इस्पितळातल्या दुधाच्या बाटल्यांची, स्ट्रॉबेरीच्या वासाची. इओपूच्या पलंगाशेजारच्या टेबलावर सकाळी बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या असत आणि संध्याकाळी रिकाम्या दिसत. रिकाम्या दिसत, म्हणून सगळे खूश होत. आणि तरीही तो वाळत चालला होता. परवाच डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून आपसात बोलत होते, की पोटात सगळं जातंय तरी वजन उतरतंय, म्हणजे कुठेतरी संसर्ग लपलाय. पुन्हा रक्त काढा, औषध बदला. मंगळवारी पाठीवर नवी कातडी लावायची होती. वजन असंच घसरत राहिलं तर लावून उपयोग नाही, ती धरणार नाही, असं म्हणाले होते. न धरली तर काय, हे कोणी म्हणालं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. झाकणं तिच्या हातात कोमट होती. ती तशीच मुठीत धरून कपड्यांच्या ढिगावर बसली.

इस्पितळातल्या त्या खोलीत पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटलं होतं, हीटर बंद करायला कोणीतरी विसरलंय. बाहेर ऑकलंडचा ओला गार वारा आणि आत भट्टी. पिवळा झगा, हातमोजे, तोंडावर पट्टी. घामाच्या धारा लागायच्या आणि छातीतून दूध आपोआप झिरपायचं, जणू बाळ तिथेच रडतंय. आहारतज्ज्ञ मेरेआना, रुंद खांद्यांची, हनुवटीवर गोंदलेली माओरी बाई, हिने तिला खुर्चीवर बसवून समजावलं होतं. "कातडी गेली की अंगातली ऊब राहत नाही, म्हणून खोली तापवून ठेवतो. नाहीतर ऊब धरायलाच त्याची सगळी ताकद जाईल. तुमचा उमू कसा, लाकडं जळून जातात, वर ज्वाळा नसते, पण दगड आत लालच असतात? तसं समज. बाहेरची आग विझलीय. आतली नाही विझत, कित्येक महिने. तो निजलेला दिसतो तुला, पण आत तो डोंगर चढतोय, दिवसरात्र. साध्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट लागतं त्याला. दूध, अंडी, मासळी, वरून या बाटल्या." एसेताने विचारलं होतं, "आणि नाही पुरलं तर?" मेरेआनाने तिच्या हातावर हात ठेवला होता. "सरपण संपलं की माणूस घराचे वासे काढून जाळतो ना, तसं. अंग स्वतःलाच खायला लागतं. आधी मांड्या, दंड. मग श्वास घ्यायचे स्नायू. नवी कातडी रुजवायला मग काही उरतच नाही." त्यावेळी मानाइया खुर्चीखाली बसून रंगीत खडूंनी घर रंगवत होती. इतकं एकचित्ताने रंगवत होती, की तिने काही ऐकलं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मांड्या. त्या तर एसेताला पाठ होत्या. लग्नाआधी तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चर्चच्या रग्बी सामन्यात, चेंडू काखेत मारून धावताना, आणि मैत्रीण कानात म्हणाली होती, "खांब आहेत का पाय?" आता चादर बदलताना ते पाय दिसत, तेव्हा ती मुद्दाम खिडकीबाहेर बघे. त्याच्या गुडघ्यांना टोकं आली होती. गेल्या आठवड्यापर्यंत नाकात नळी होती, नळीतून थेंब थेंब अन्न जायचं, त्याचं त्यालाही कळायचं नाही. मग तो शुद्धीवर नीट आला, बोलू लागला, नळीने घसा सोलतो म्हणून त्याने हात जोडले. तोंडाने सगळं घेशील तर काढू, म्हणाले. त्याने मान हलवली. नळी निघाली त्या दिवशी सगळे रडले होते. आणि त्याच संध्याकाळी त्याची आई पलंगाशी वाकून अभिमानाने म्हणाली होती, "बाळा, सोमवारपासून सगळं चर्च तुझ्यासाठी उपाशी राहणार आहे. पाद्रीबुवांची बायकोसुद्धा."

तेव्हा इओपूच्या चेहऱ्यावर काय उमटलं होतं? एसेता आठवू लागली. काहीतरी उमटलं होतं. तिने ते आनंद म्हणून घेतलं होतं.

"मानाइया!" तिने हाक मारली, आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. मुलगी धावत दारात आली, आईच्या तळहाताकडे बघितलं आणि लगेच वर छताकडे बघायला लागली.

"हे काय आहे?"

"झाकणं."

"ते मला दिसतंय. तुझ्या खिशात कशी?"

"बाबा म्हणाले, जपून ठेव. घरी आलो की याची चाकं करू, गाडी करू."

"आणि आतलं दूध कोणी प्यायलं?"

मुलीने ओठ घट्ट मिटले. "मी नाही सांगणार. मी बाबांना वचन दिलंय."

"बरं, नको सांगू. मी विचारते, तू नुसती मान हलव. बाबा प्यायले?"

मान हलली नाही.  आणि मग एकदम सगळं बाहेर आलं, रडण्यात भिजून. "मला भूक लागली होती! मी पण उपास केला ना, आजीसारखा. डबा मी शाळेत वाटून टाकते. तू बाळासाठी दूध काढायला त्या खोलीत गेलीस ना, तेव्हा माझ्या पोटातून आवाज आला. बाबांनी ऐकला. ते म्हणाले, तू लहान आहेस, तू पी. तुझा उपास मी करतो."

तुझा उपास मी करतो. एसेता मुलीला कुशीत घेऊन बसली, आणि ते वाक्य तिच्या डोक्यात ड्रायरमधल्या झाकणांसारखं आपटत राहिलं. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी ती असती तर? जागी कशाला, ती स्वतःच काय करत होती? अंगावर पाजणाऱ्यांना, आजाऱ्यांना, पोरांना उपासाची मोकळीक आहे, हे पाद्रीबुवांनी घसा फोडून सांगितलं होतं. पण समोर सासू कोरड्या ओठांनी बसलेली असताना घास तोंडात घालायचा कसा? या घरात कोणी कोणाला उपाशी राहा म्हणालंच नव्हतं. बाळ दोन दिवसांपासून स्तन सोडून सोडून रडत होतं, दूध आटलं होतं, आणि तिने ते काळजीवर ढकललं होतं. ज्याला उपासातून सगळ्यांत आधी वगळलं होतं तोच सगळ्यांत कडक उपास करत होता, दिवसाउजेडी, परिचारिकांच्या डोळ्यांसमोर. पुढे तिला एक भयानक गोष्ट सुचली. म्हणजे त्याच्यासाठी मागितलेली प्रत्येक प्रार्थना त्याच्याच मांडीतून वसूल होत होती. छे! असं मनात आणायचं नसतं. पण आलं होतं.

पुढच्या खोलीत सासू, वाएलुआ, रविवारचे पांढरे कपडे इस्त्री करत होती. चर्चचा पांढरा झगा फळीवर पसरलेला, बाळ शेजारी चटईवर मुठी चोखत.

"आई, उपास सोडायला हवा."

"सोड की. तुला मी कधी धर म्हटलं?" वाएलुआने मान वर केली नाही. "ताट तूच सरकवलंस. मी म्हटलं, सुनेला भक्तीचा झटका आलाय, आपण कशाला आड यावं."

"माझा नाही. तुमचा."

इस्त्री थांबली. "माझा उपास देवाशी आहे, पोरी. सुनेशी नाही."

एसेताने मूठ उघडून झाकणं फळीवर ठेवली. एक घरंगळत पांढऱ्या बाहीवर जाऊन थांबलं. तिने सांगितलं, थोडक्यात, कारण जास्त बोलली असती तर रडू आलं असतं.

"खोटं," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "मी त्याला बजावलं होतं. तू खा म्हटलं, उपाशी राहायला आम्ही आहोत."  इस्त्रीची वाफ दोघींच्या मधून वर जात होती. "लहानपणापासून हा असाच. गावाकडे पाहुणे जेवायला बसले की याला पंखा घेऊन उभा करायचे, माशा वारायला. एवढासा होता, पंख्यापेक्षा लहान. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत हात थांबायचा नाही. ताटात माशाचं डोकं तरी उरतंय का, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा. पण मागितलं नाही कधी. बायका म्हणायच्या, वाएलुआ, काय वळण लावलंयस पोराला!" ती हसली. ते हसणं ऐकून एसेताला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तुम्ही घास घेतल्याशिवाय त्याने कधी घेतलाय, आई?"

"आणि उद्या चर्चला काय तोंड दाखवू? ज्या बाईच्या मुलासाठी सगळे उपाशी, तिनेच आदल्या दिवशी हादडलं म्हणून?"

 वाएलुआने झाकण उचलून बाजूला ठेवलं, आणि पूर्ण झगा, बाह्या, गळपट्टी, खालची झालर, एकही सुरकुती न ठेवता इस्त्री केला. हँगरला लावला. मग स्वयंपाकघरात गेली. एसेता श्वास रोखून ऐकत राहिली. फ्रीजरचं दार. पाण्याचा नळ. आणि मग, किती दिवसांनी, पातेल्यावर पडलेलं झाकण.

"कोवळ्या नारळाचा गर एवढाच उरलाय?" आतून आवाज आला. "आणि उभी काय राहिलीस? साबुदाण्याचं पीठ शोध. तुझ्या बाळंतपणाला केलं होतं तेच करतेय."

वाइसालो. मानाइया झाली तेव्हा सासूने वाडगा तिच्या ओठांना लावला होता, पांढरी दाट नारळाची खीर, आणि म्हणाली होती, पी, अंगातून एक माणूस काढून दिलंयस, भोक बुजायला हवं. त्यावेळी त्या बोलण्याचं तिला हसू आलं होतं. आज शेजाऱ्याच्या गाडीत मांडीवर तो गरम डबा धरून बसताना ती तेच शब्द जपासारखे मनात घोळवत होती. पण मध्येच हिशेब डोक्यात यायचा, की आठवडाभराचं दूध एका डब्याने कसं भरून निघणार, आणि तिला सिग्नलचा लाल दिवा असह्य व्हायचा. बाळाला शेजारणीकडे ठेवलं होतं. मागच्या सीटवर मानाइया आजीच्या हाताला धरून गप्प बसली होती. एरवी या मुलीच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि आठवडाभर एवढं गुपित तिने पोटात ठेवलं होतं. दुधासकट.

मेरेआना कॉरिडॉरमध्येच भेटली. एसेताने तिला सगळं सांगितलं. नवऱ्याला कोणापुढे उघडं पाडतोय असं वाटून जीभ अडखळत होती, तरी सांगितलं. मेरेआनाने कपाळावर हात मारला नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. "आणि आम्ही रक्तात किडे शोधतोय," एवढंच म्हणाली. मग डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "माझ्या आजीला आवडलं असतं. पण नुसत्या नारळाने नाही भागायचं, माझी दुधाची पावडर घालू दे यात." वाएलुआने नाक मुरडलं. "घाल. पण ढवळ नीट, गाठी झाल्या तर माझं नाव जाईल."

खोलीत तीच धग. इओपू कुशीवर होता, पाठ पट्ट्यांत, डोळे खोल गेलेले. आईला बघून त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "त्या पिवळ्या झग्यात तू पिकलेल्या लिंबासारखी दिसतेस."

"आणि तू वाळत घातलेल्या माशासारखा," वाएलुआ म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या तोंडासमोर बसली.

त्याची नजर डब्यावरून एसेताकडे गेली, एसेताकडून मानाइयाकडे. मानाइया बुटांकडे बघत पुटपुटली, "मी नाही सांगितलं. झाकणांनी सांगितलं."

 इओपू डब्याकडे बघत बोलू लागला, तुटक तुटक, कारण एका वाक्याएवढा दम त्याच्याकडे नव्हता. "प्यायला घेतलं होतं. पहिल्या दिवशी. घशाखाली उतरेना, आई. तू उपाशी. ही उपाशी, बाळ अंगावर असताना. पोरीच्या पोटात कावळे ओरडतायत. सगळे माझ्यासाठी. आणि मी पडल्या पडल्या स्ट्रॉबेरीचं दूध पिऊ? मी काय राजा आहे?"

"राजा नाहीस. गाढव आहेस," वाएलुआ म्हणाली. तिने चमचा भरला.

"आई, सूर्य अजून वर आहे."

"म्हातारी झालेय, आंधळी नाही. दिसतोय मला." खिडकीत ऊन होतं, पांढरं, ढळढळीत. तिने डोळे मिटले, ओठ हलले. एसेताला वाटलं, आता चमचा परत डब्यात जाणार. पण म्हातारीने तो तोंडाला लावला आणि गिळला, आणि तिच्या सुरकुतलेल्या गळ्यातून तो घास खाली जाताना सगळ्यांनी पाहिला. मग तिने एसेतापुढे चमचा केला. एसेताने घेतला. नारळाची गोडी जिभेला लागली तसा छातीत पान्हा फुटल्यासारखं झालं, आणि तिला लाज वाटली. "आता उरलं ते तुझं," वाएलुआ मुलाला म्हणाली. "सगळे जेवले. पंखा ठेव खाली."

त्याने खाल्लं. पहिला घास, दुसरा, तिसरा. चौथ्याला ढवळून आलं आणि थोडं उशीवर सांडलं. वाएलुआ ते बोटांनी निपटत राहिली, जसं काही ते वाया जाणं तिला परवडणार नव्हतं. एसेता प्रत्येक घासाबरोबर स्वतःही गिळत होती. उतरतंय का? राहील का पोटात? कुठे जाईल, मांडीला की पाठीला, की आतले ते लाल दगडच आधी सगळं ओढून घेतील? डब्याचा तळ दिसला तेव्हाही तिला हायसं वाटलं नाही. बाहेर मेरेआनाने हलक्या आवाजात सांगितलं, नळी परत घालावी लागेल, आजच, तो आता नाही म्हणणार नाही. मंगळवारचं ठरवायला मंगळवार उजाडावा लागेल. "मी खोटं नाही सांगणार तुला. एकदा गेलेलं मांस महिन्यांनी भरतं. कातडीला तेवढी वाट बघता येत नाही." एसेताने मान डोलावली, जणू कोणी बसच्या वेळा सांगितल्या होत्या.

झगे काढायच्या बेसिनपाशी ती आणि मानाइया दोघीच उरल्या. वाएलुआ आत मुलाच्या पायांना हात लावून बसली होती. एसेताने मुलीच्या गळ्यामागची गाठ सोडली, हातांना साबण लावला, एकेक बोट चोळलं. गुबगुबीत बोटं. या आठवड्यात हिचे गाल भरलेत, हे शेजारीण म्हणाली होती, आणि एसेताने मनात म्हटलं होतं, चला, एका तरी जिवाला लागतंय अंगी. ते आठवताच तिचे हात पाण्याखाली थांबले.

मानाइया आरशात स्वतःकडे बघत होती. एक गाल बोटाने दाबून, सोडून, पुन्हा दाबून.

"आई, मी प्यायले त्याचं बाबांचं मांस होणार होतं ना? त्या मेरेआना मावशी म्हणाल्या होत्या."

नळ वाहत राहिला.

"आता ते माझ्यात आहे." तिने ओला हात पोटावर ठेवला आणि आईकडे वळून पाहिलं, अगदी शहाण्यासारखं, चुकून दुसऱ्याची वस्तू घरी आणलेलं मूल बघतं तसं. "मग ते परत कसं द्यायचं?"